मामांचा फोन न उचलणारा मेहुणा

माणसाने आयुष्यात किती वेळा हादरावं याला काही मर्यादा असते, असं माझं मत होतं. माझ्या बायकोचा मामेभाऊ आमच्याकडे कोलोनला राहायला आला आणि ते मत मला सोडावं लागलं. जन्म लेस्टरचा, मूळ सांगलीचं, पासपोर्ट ब्रिटिश आणि धंदा हिप-हॉपचा. धंदा हा शब्द माझा, तो ‘करिअर’ म्हणायचा. इंग्लंडात त्याच्या दोन सीडी निघाल्या आणि आपटल्या. जर्मनीत मात्र, का कोण जाणे, पोरं त्याच्यावर फिदा होती. म्हणून ‘आठ दिवस येतो, दाजी’ असं सांगून तो आला आणि दीड वर्ष राहिला. आल्या दिवशी त्याची पँट बघूनच मी गार झालो. तीत आमचं अख्खं कुटुंब मावलं असतं, आणि ती कमरेवर होती असं म्हणणं धाडसाचं झालं असतं. मग आन्मेल्डुंग, म्हणजे कचेरीत जाऊन पत्ता नोंदवणं. तिथल्या बाईंनी व्यवसाय विचारला. मामा लेस्टरमध्ये सगळ्यांना ‘मुलगा साउंड इंजिनीअर आहे’ असं सांगत, म्हणून मीही घाईघाईने तेच सांगितलं. यावर या गृहस्थाने टेबलावर बोटांनी ताल धरून बाईंना चार ओळी म्हणून दाखवल्या. जर्मन कचेरीत हसणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या बाई हसल्या, ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाल्या आणि शिक्का मारून मोकळ्या झाल्या.

वरणभातावर केचप घेणारा हा माणूस गाणी रचायचा ती भांडी घासताना. कुकर घासताना रागाची, कपबशा विसळताना प्रेमाची. रविवारी आमच्या बिल्डिंगमध्ये आवाज बंद, भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. आणि याला नेमका रविवारीच सूर लागायचा. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई तक्रार घेऊन वर आल्या. हा माफी मागायला म्हणून त्यांच्याबरोबर खाली गेला आणि तासाभराने अर्धा केक घेऊन परत आला. पुढे एखाद्या रविवारी घर शांत असलं, की त्याच बाई मला जिन्यात गाठून ‘मुलगा आजारी आहे का’ असं विचारायच्या. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

पण एका गोष्टीवर मी खरंच रागावलो. त्याने लेस्टरहून स्वतःचं आन्सरिंग मशीन आणलं होतं आणि ते आमच्या फोनला जोडलं होतं. दर रविवारी सकाळी दहाला मामांचा फोन यायचा, आणि तो उचलायचा नाही असा याचा सक्त हुकूम. हातात चहाचे कप घेऊन आम्ही तिघं वाजणाऱ्या फोनभोवती उभे. मशीन ‘टूं’ करायचं आणि मामांचा आवाज यायचा. मामांनी आयुष्यभर पत्रंच लिहिलेली, त्यामुळे मशीनशीही ते पत्रासारखंच बोलायचे: “चिरंजीवास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. बागेत यंदा वांगी धरली. तू जेवण वेळेवर करतोस की नाही ते कळवणे. कळावे. तुझा, बाबा.”

शिकत असलेलं इंजिनीअरिंग सोडून मुलगा या नादाला लागला, म्हणून बापलेकांचं फाटलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी म्हातारा माणूस यंत्राशी बोलतोय आणि मुलगा शेजारी उभा राहून ऐकतोय, हे काही मला बघवेना.

त्यातच एक दिवस ऑफिसला जाताना मी त्याची नवी सीडी गाडीत लावली. धाडधाड ढोल सुरू झाले आणि ढोलांच्या मधून आवाज आला, “चिरंजीवास अनेक आशीर्वाद.” पुढच्या पार्किंगला गाडी घेऊन मी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. गुडघा होता, वांगी होती, आणि कडव्याच्या शेवटी दरवेळी मामांचं ठणठणीत “कळावे”. जर्मनीत गाजत होतं ते हेच गाणं.

संध्याकाळी मी त्याला फैलावर घेतलं. बापाचा आवाज विकतोस, लाज नाही वाटत, म्हातारा तोंड बघणार नाही तुझं, असं बरंच बोललो. त्याने ऐकून घेतलं. घासत होता ते पातेलं खाली ठेवलं.

“दाजी, फोन उचलला ना, की बाबा म्हणतात, ‘बरा आहेस ना? थांब, आईला देतो.’ बस, एवढंच. बोलतात ते मशीनशीच. हे गाणं त्यांना कळलं तर तेही बंद होईल.”

मी फडकं घेतलं आणि त्याने घासलेली भांडी पुसायला लागलो.

त्या उन्हाळ्यात मामा आठ दिवस भाचीकडे आले. मी घरातली पोस्टरं कपाटात कोंबली, सीडी बटाट्यांखाली दडवल्या. माझी बायको मात्र हट्टाला पेटली. शनिवारी दुपारी शहरातल्या बागेत मेहुण्याचा कार्यक्रम होता, तिथे ती मामांना कोणालाही न विचारता घेऊन आली. पाचशे जर्मन पोरं, स्टेजवर ती पँट, आणि स्पीकरमधून मामा. कडवं संपलं की पाचशे हात वर जायचे आणि पाचशे गळे ओरडायचे, “कळावे!” कोट घातलेले मामा काठीवर दोन्ही हात ठेवून शेवटपर्यंत उभे राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना.

गाणं संपल्यावर मेहुणा खाली आला. त्याला बाप दिसला आणि त्याचा रंगच उडाला.

मामा म्हणाले, “कळावेच्या पुढे मी ‘तुझा, बाबा’ म्हणतो. ते का कापलंस?”

त्याने मान खाली घातली. “ते लोकांना नाही दिलं, बाबा. ते माझ्यापाशी ठेवलंय.”

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “जावईबापू, ऊन फार आहे हो.” ऊन कसलं, आभाळ भरलेलं होतं.

आता मामा नाहीत. मेहुणा लेस्टरला परत गेला, शाळेतल्या मुलांना गाणी रचायला शिकवतो. पण तो आमच्याकडे होता तोवर, त्या उन्हाळ्यानंतरही मामांचा फोन दर रविवारी दहाला येतच राहिला आणि आम्हीही तो कधी उचलला नाही. फरक पडला तो एवढाच, की “कळावे” म्हटल्यावर मामा जरा थांबायचे, मुलाला कापायला सोपं जावं म्हणून, आणि मग हळूच म्हणायचे, “तुझा, बाबा.”