बाबांवर आक्षेप

माझे बाबा सैन्यात वकील होते. निवृत्तीनंतर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या सरकारी कामावर गेले, पण कोर्ट मार्शल काही डोक्यातून गेलं नाही. तळेगावच्या आमच्या घरी कपबशी फुटली तरी खटला चालायचा आणि आधी आरोपीला विचारलं जायचं, "न्याय द्यायला बसलेल्यांपैकी कोणावर तुझा आक्षेप आहे?" सैन्यात म्हणे हा आरोपीचा हक्कच. परंदवडीचे एक आबा बांधाचं भांडण घेऊन आले, त्यांनाही हेच. ते दचकलेच. "न्हाई वो सायेब, तुमच्यावर कशाला? भावावर हाय!"

पुढे मला लोणावळ्याचा एक चिक्कीवाला आवडला. बाबांना जावई हवा होता कॅप्टन. झालं, घर डोक्यावर घेतलं त्यांनी. संध्याकाळी आई-बाबा खुर्च्यांवर, मी समोर उभी. नेहमीचा प्रश्न आला आणि मी म्हटलं, "आहे आक्षेप. तुमच्यावर."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"कारण?"

"तुमचा निकाल आधीच ठरलाय."

"आक्षेप मान्य," म्हणाले आणि मुकाट्याने व्हरांड्यात जाऊन बसले.

मला वाटलं, जिंकले! आई काय, जरा रडले की विरघळेल. कसलं काय! "जन्मभर गूळ ढवळणार? मुळीच नाही. विषय संपला." मला त्याच्याशिवाय दुसरं कोणी नको होतं हो.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "आरोपीला वकील दिलाय का?"

बाबा आत आले ते थेट माझ्या शेजारी उभे राहिले. मुलगा कष्टाळू, दुकान घरचं, व्यसन नाही. आई भडकली, "अहो, सकाळी त्याचं तंगडं मोडायला निघाला होतात ना?"

"सकाळी मी न्यायाधीश होतो. आता हिचा वकील आहे." मग आवाज उतरला. "आणि त्याची कधी बदली होणार नाही. तुझा सगळा संसार ट्रंका भरण्यात गेला. हिचाही घालवायचाय?"

आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "बोलवा त्याला जेवायला."

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. परवा नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं. तो सवयीने ओरडला, "बोलव तुझ्या वकिलाला!"

आणि मी खरंच खिडकीकडे बघितलं.