साडूंच्या विहिरीची सभा

माझ्या भित्रेपणाची कदर करणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच निघाला: आमचे थोरले साडू. बाकीच्यांनी मला भागूबाई म्हणून केव्हाच सोडून दिलं. बायको तर अजून म्हणते, "ह्यांना मांजर आडवं गेलं तर हे त्यालाच वाट देऊन आठ दिवस घरात बसतील." साडू मात्र दिंद्रुडहून खास निरोप धाडायचे, "पाव्हण्यांना पाठवून द्या, सभा हाय."

सभा म्हणजे घरचीच. साडूंनी अख्खी नोकरी गावच्या सोसायटीत सचिव म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर संसारही ठरावावर चालवला. लिंबाखाली बाज टाकायची, चष्मा पुसायचा, वही उघडायची. सूचक स्वतः, अनुमोदक आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी. ती पीठ मळता मळताच अनुमोदन द्यायची. शेळीचं नाव काय ठेवायचं याचाही ठराव व्हायचा. सोसायटीच्या गोदामाचं भूमिपूजन त्यांच्या कारकिर्दीत तीनदा झालं, तिन्ही वेळा पेढे वाटले, आणि पायाच्या खड्ड्यात शेवटी बाभळी उगवल्या. "सर्वानुमते मंजूर झालेलं काम तडीला गेलेलं मी आजवर पायलं न्हाई," ते म्हणायचे. "विरोध करणारा पायजे. अन् तुमच्याइतकं भिणारं माणूस मला दुसरं कुठं गावणार, पाव्हणं?"

विहिरीचा ठराव निघाला तो दुष्काळात. विहीर कोरडीठाक पडल्याशिवाय आतून बांधता येत नाही. खालचा खडक आपला आपण उभा राहतो, पण वरच्या मातीला दगडी भिंत लागते, नाहीतर पावसात दरड ढासळते. मागच्या दुष्काळात साडूंनी हेच काम काढलं होतं. तेव्हा मी नव्हतो, त्यामुळे पायऱ्या, कमान, कठडा, दिव्यासाठी देवळी, सगळं एकदम मंजूर. अर्धंही झालं नव्हतं तोच पाऊस कोसळला आणि ओढ्याकडची दरड आत आली. साडू दहाच मिनिटांपूर्वी चहाला वर आले होते. हे सांगताना ते हसायचे, आक्का मात्र उठून आत जायची. 

"या खेपेला भ्या," साडू म्हणाले. "पोटभर भ्या. मी लिवतो."

मी भ्यालो. युसूफ वडगावहून येणाऱ्या उस्मान मिस्त्रींच्या घरी लग्न निघालं तर? टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन पळणार, म्हणजे तो दिवस गेला. साडूंचा गुडघा आठवड्यातून दोनदा रुसणार. सोयऱ्याधायऱ्यांत कुणी गेलं तर? "तुम्हीच गेलात तर?" असंही मी धीर करून विचारलं. "लिवलं," साडू म्हणाले. माझ्या एकेका भीतीपायी एकेक कलम उडत गेलं. पायऱ्या गेल्या, कमान गेली, कठडा गेला. देवळीवर त्यांनी पेन जरा वेळ तसंच धरलं, मग तीही खोडली. उरली नुसती भिंत, तीही ओढ्याकडची आधी, रोज दोन हात. मिस्त्री वैतागले, "सचिवसाब, इतकं तर मी झोपेत बांधीन!"

"झोपेतच बांधायचंय असं समजा," साडू म्हणाले. "अंगात ताप असताना जेवढं होईल, तेवढंच रोजचं काम."

शेवटचा ठराव माझा होता: ढग दिसला की विहिरीत कुणी उतरायचं नाही.

मग काय सांगू! सगळा जिल्हा पाऊस मागत होता आणि आम्ही दोघे साडू तो एवढ्यात येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसलेलो. गावात हे बोलायची चोरी, लोकांनी धरून बडवलंच असतं. पण लग्न आलं, टँकर आले, गुडघा रुसला, तरी भिंत ठरल्याप्रमाणे पुढं सरकत राहिली. शेवटी हातभर जागा उरली, आणि त्याच दुपारी मावळतीला काळं दिसलं.

साडूंनी शिडीवर पाय ठेवला. "पाच मिन्टाचं काम हाय."

"विरोध," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तेवढ्यात मागून आक्का ओरडली, "माझं अनुमोदन हाय! वर या आधी!"

"कसली भित्री माणसं गोळा केली मी!" म्हणत साडू तणतणत वर आले. तासाभरात पाऊस आला. ती हातभर माती शिडीला घेऊन खाली गेली. बाकीची भिंत जागची हलली नाही. साडूंनी शिडीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हणं, च्या घ्या." उरलेली हातभर भिंत चार दिवसांनी पुरी झाली.

त्यानंतर कैक वर्षांनी पुन्हा निरोप आला, सभा हाय. साडू अंथरुणाला खिळले होते. वही उशाला, हात नुसते काड्या. "देवळी ऱ्हायली," ते म्हणाले. "बरा झालो की दिवाळीच्या आत बसवू. विरोध?"

माझ्याकडे भीती काय कमी होती? पण एकही तोंडातून निघेना. मी म्हणालो, "विरोध नाही."

साडूंनी चष्मा काढला. "असं कावून?" त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली ती तेव्हाच, पहिल्यांदा. मग हळूच म्हणाले, "म्हंजे सर्वानुमते."

देवळी झालीच नाही. विहिरीवर गेलो की अजून जीव हळहळतो. म्हणायला हवं होतं मी, साडू, दिवाळीच्या आत होणार नाही, तुमचा गुडघा ऐकणार नाही, मिस्त्रींना वेळ नाही. माझ्याशी भांडायला तरी ते आणखी थोडे दिवस थांबले असते.