बसायचा पास

आक्काने सारी नोकरी उभ्याने केली. कापडाच्या मोठ्या दुकानात, शर्टिंगच्या काउंटरमागे. काउंटरच्या पुढे गादीच्या खुर्च्या होत्या, त्या गिऱ्हाइकांसाठी. मागे काम करणाऱ्यांना बसायची बंदी. दुकान ओस पडलं, माशा मारायची वेळ आली, तरी उभंच. नोकर बसलेले दिसले की रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, या दुकानात राम उरला नाही, असं मालकांचं म्हणणं. मग सगळ्या जणी काउंटरच्या खालच्या फळीवर एक पाय टेकवायच्या, जरा वेळाने दुसरा. मालक दारात दिसले की दोन्ही पाय जमिनीवर आणि पाठ ताठ. आक्काच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या, त्या उगाच नाही.

निरोपाच्या दिवशी मालक कौतुकाने म्हणाले, "इतक्या वर्षांत आक्कांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही." टाळ्या पडल्या. आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसू दिलं असतंत, तर पाहिलं असतंत की! पण हातात फुलांचा गुच्छ होता, समोर माणसं होती, आणि तेव्हाही ती उभीच होती.

त्यानंतर धाकटा भाऊ आणि भावजय युरोपच्या सहलीचं बोलू लागले, तेव्हा आक्का म्हणाली, "मीही येते. माझा खर्च माझा. अट एकच. आगगाडीने फिरायचं आणि मी खिडकीशी बसणार. बसून डोंगर बघणार."

"एवढंच ना?" भाऊ म्हणाला. "मान्य."

भाऊ हिशोबी माणूस. मोसंब्याची सालसुद्धा तो वाया गेली म्हणून हळहळत टाकायचा. प्रवास कंपनीची पुस्तिका त्याने घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. पास दोन तऱ्हेचे होते. एक सलग पंधरा दिवसांचा; रोज हव्या तितक्या गाड्या. दुसरा महिनाभरासाठी, पण त्यात प्रवासाचे दिवस मोजके; बाकीचे दिवस एका गावात थांबायचं. भावाने पहिल्यावर बोट ठेवलं आणि रोज एक नवं शहर आखून टाकलं.

"अहो, आपण फिरायला चाललोय की फलाट मोजायला?" भावजय म्हणाली.

"पास वसूल नको व्हायला?"

"आणि माझी खिडकी?" आक्काने विचारलं.

"अगं, पास असल्यावर जागा मिळणारच. तो काय फुकट देतात?"

दुसऱ्या दिवशी तिघंही कंपनीच्या ऑफिसात गेली. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. त्यांत भाऊ आणि भावजय बसली. तिसरी भिंतीशी होती, तिच्यावर भावाने छत्री आणि पिशवी ठेवली. बुकिंगवाल्याने पुस्तिकेवर नजर टाकली आणि म्हणाला, "उत्तम निवड. पण एक सांगतो. पास म्हणजे गाडीत चढायची परवानगी. जागेची हमी त्यात नाही. तुम्ही धरलेल्या बऱ्याचशा जलद गाड्यांना आरक्षण वेगळं करावं लागतं, त्याचे पैसेही वेगळे. बाकीच्यांत जागा रिकामी असली तर बसायचं."

"आणि नसली तर?" आक्का म्हणाली.

"तर मग दाराशी उभं राहायचं. बरेच जण राहतात."

भावाने मान हलवली. "मग असं करू साहेब, आरक्षण लागतं त्या गाड्या टाळू. बाकीच्यांत मिळाली जागा तर मिळाली. दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे." आणि मागे न बघता, हसत म्हणाला, "आमच्या आक्काला काय, उभं राहायची सवयच आहे!"

आक्काने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय टेबलाच्या आडव्या पट्टीवर टेकलेला होता. आल्यापासून ती तशीच उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं. समोर ना मालक होते ना गिऱ्हाईक, उलट इथे गिऱ्हाईक तीच होती. तिला भावाचा आला त्याहून जास्त राग त्या पायाचा आला.

ती भिंतीशी गेली, छत्री आणि पिशवी उचलून भावाच्या मांडीवर आदळली, खुर्ची ओढत टेबलापाशी आणली आणि बसली.

"सवय?" ती म्हणाली. "मला सवय नव्हती रे, मला बंदी होती. तो परका माणूस होता, पोटासाठी ऐकून घेतलं त्याचं. तू कोण लागून गेलास मला उभं करणारा?"

"आक्का, मी आपलं गमतीनं..."

"माझे पाय बघ आणि मग कर गंमत."

"वन्संचं बरोबर आहे," भावजय म्हणाली. "मलाही रोज बॅग भरायची नाही. तुम्हाला वसूलच करायचं असेल तर तुम्ही एकटे करा, आम्ही स्टेशनवर टाटा करायला येऊ."

बुकिंगवाल्याला घाम फुटला. "मग दुसरा पास घ्या. दिवस मोजके, आणि त्या प्रत्येक दिवसाचं आरक्षण आत्ताच करू. मॅडमना खिडकी."

"असं आधी का नाही सांगितलंत?"

"यांनी विचारलं नाही."

"यांनी नाही विचारलं," आक्का म्हणाली, "पण प्रवास मी करणार आहे. मला विचारायचं."

भाऊ निघेपर्यंत फुगून होता. तिकडच्या पहिल्या गाडीत बसल्यावर त्याचा फुगा उतरला, कारण दाराशी माणसं खरोखरच बॅगांवर टेकून उभी होती आणि तो ऐसपैस बसला होता. आक्का खिडकीशी होती. बाहेर डोंगर सुरू झाले, हिरवे, मग करडे, मग टोकाला बर्फ असलेले. तेवढ्यात डब्याचं दार उघडलं आणि गणवेशातला तिकीट तपासनीस आत आला.

आक्का ताडकन उभी राहिली. दोन्ही पाय जमिनीवर, पाठ ताठ.

तपासनीस गोंधळला. बाईंना बाहेर जायचंय असं वाटून त्याने अंग चोरून वाट दिली. भाऊ खुदकन हसला.

"हसू नकोस," आक्का म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "इतक्या लांब आले, तर तो मेला मालकही बरोबर आलाय."

ती बसली. पर्समधून पास काढला आणि हात लांब करून तपासनीसाला दिला. पुढच्या मोठ्या स्टेशननंतर दुसरा तपासनीस आला. भाऊ तिच्याकडे बघत होता, ते तिला कळत होतं. तिचे गुडघे एकदा ताठ झाले. तिने पर्स मांडीवर घट्ट दाबून धरली, डोंगरावरची नजर काढली नाही, आणि बसल्या बसल्याच पास पुढे केला.