बाबांचं बुडीचं घड्याळ

बाबा गेल्यावर मी आईकडे एकच वस्तू मागितली, त्यांचं नौदलातलं घड्याळ. आई म्हणाली, "माझ्या पाटल्या घे, हवं तर घर नावावर करून घे. ते नको." झालं! मला कोणी नको म्हटलं की ती गोष्ट हवीच असते, लहानपणापासून. शेवटी तिने कपाट उघडलं, फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं आणि मोरीत जाऊन हात धुतले.

घड्याळ चांगलं दणकट होतं. काळी तबकडी, ठसठशीत आकडे, भोवती फिरवता येणारी पोलादी कडी आणि पाठीवर कोरलेला सरकारी नंबर. बाबा नौदलात पाणबुडे होते, जहाजांच्या पोटाखाली उतरून काम करणारे. उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्याशी जुळवायची, म्हणजे पाण्यात किती वेळ झाला ते कळतं, एवढं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यापलीकडे ते घड्याळाविषयी कधी बोलले नाहीत, आणि मी ते त्यांच्या हातात कधी पाहिलंही नाही. घड्याळ युद्धातलं असणार असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ऑफिसात तसं ठोकूनही दिलं.

आम्ही मूळचे कोकणातले. बाबांनी निवृत्तीनंतर नंदाखाल गावाच्या बाजूला, केळी-नारळाच्या वाड्यांमध्ये छोटं घर घेतलं तेव्हा मी पुण्यात कॉलेजला होते. मग तिथेच नोकरी लागली. त्यामुळे गाव माझ्या फारसं ओळखीचं नव्हतं. बाबांच्या आजारपणात बदली मागून परत आले, तेव्हा नव्वदचं दशक सरून गावाच्या कडेला इमारती दिसायला लागल्या होत्या.

घड्याळ घालून मी पहिल्यांदा बाहेर पडले त्या दिवशी शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईने माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. पुढच्याच वळणावर ती उतरली. तिचं घर तिथे नव्हतं हे मला माहीत होतं. आगाशीच्या नाक्यावर भाजी घ्यायला थांबले, तर भाजीवाल्या म्हातारीने वांगी मोजता मोजता हात मागे घेतला.

"कोन गेला गो?" तिने हळूच विचारलं.

"माझे वडील गेले, दोन महिने होत आले."

"तो म्हाईत हाय. आता कोन गेला?"

मी म्हटलं, आता कोणी नाही गेलं, वांगी द्या. तिने दिली, पण तिचे डोळे मनगटावरून हलेनात. परतताना समोरून सायकलवर येणारे शेजारचे ख्रिस्ती काका, रोज हात हलवून हसणारे, ते सायकलवरून उतरले. कडेला उभे राहून त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मी जाईपर्यंत तसेच खाली मान घालून थांबले.

आठवडाभर हाच तमाशा. माझं डोकं सटकलं. शनिवारी मी आईसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "काय भानगड आहे ती आत्ताच्या आत्ता सांग. गावात मला लोक असे बघतायत जशी मी मढं घेऊन फिरतेय."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तसंच आहे ते."

मग तिने सांगितलं. बाबांना बोलवायला लोक यायचे. कोणी विहिरीत, कोणी खाडीत, कोणी बागायतीचं पाणी साठवायच्या बावखलात, कोणी खदानीत. आसपास एवढ्या खोल पाण्यात उतरणारं दुसरं माणूस नव्हतं. एरवी घड्याळ कपाटात असायचं. निरोप आला की बाबा ते चढवायचे आणि निघायचे. बाबांच्या हातात घड्याळ दिसलं की रस्त्यावरच्या माणसाला कळायचं, कुणाचं तरी कोणी पाण्यात आहे.

"ज्यांची पोरं अजून घरी पोचलेली नसायची ना," आई म्हणाली, "त्या बायका हातातलं काम टाकून ह्यांच्या मागे चालायला लागायच्या. काही विचारायच्या नाहीत. नुसत्या मागे मागे."

मी घड्याळ काढायला हात नेला, पण काढवेनाही. बाबा दर रविवारी मला पुण्याला फोन करायचे आणि जेवलीस का, या प्रश्नाआधी विचारायचे, नदीवर वगैरे जात नाहीस ना? मी त्यांना हसायचे. खूप हसायचे. हे असं सगळं पोटात ठेवून तो माणूस फोनवर माझ्याशी गप्पा मारायचा, आणि मला पत्ताच नाही! मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या फाटकात एक म्हातारी बाई उभी राहिली. आई तिला ओळखत होती. कामणच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव. दोन एसट्या बदलून आली होती. तिने पाणी घेतलं नाही, वर यायलाही तयार नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "घड्याल बाहेर निघाला, असा आयकला. कुनी घातलाय?"

मी मनगट पुढे केलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं. तिचे हात गार होते, भर उन्हातून आलेल्या माणसाचे असू नयेत इतके.

"खदान भरतान," ती म्हणाली. "रोज डंपर येतान, माती टाकतान. तिथं बिल्डिंग व्हनार. तुज्या बापसानं मना शबुद दिलता, येल आली की तुज्या पोऱ्याला वर कारीन. येल आली, न् तोच गेला. आता तू कार."

आई चटकन म्हणाली, "अहो मावशी, तुमचा मुलगा खदानीत नव्हता ना? आमचे हे तीन दिवस उतरत होते. कोणी सापडलं नव्हतं."

"पयल्याच दिवशी सापरला व्हता," ती म्हणाली.

हकिकत अशी. तिच्या तरण्याताठ्या मुलाचं बापाशी कडाक्याचं भांडण झालं. बापाने त्याला मारलं आणि घराबाहेर काढलं. संध्याकाळी त्याच्या चपला बंद पडलेल्या खदानीच्या काठावर सापडल्या. कोणी म्हणे, उडी मारली. कोणी म्हणे, नुसत्या चपला टाकून पळाला सुरतेला. बाबा उतरले तेव्हा बाप काठावर उभा होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, पोऱ्या आत असेल तर मीपण त्याच्या मागे जाणार. बाबा वर आले, त्यांनी त्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाले, आत कोणी नाही. रात्र पडायच्या आत ते तिच्या मागच्या दाराला गेले आणि तिला एकटीला खरं सांगितलं.

"मीच बोलले, ठेव त्याला तिथं. म्हातारा जगंल तवर ठेव," ती म्हणाली. "म्हातारा या वर्साला गेला."

इतकी वर्षं ती घरी, गावात, देवळात सगळ्यांना सांगत राहिली की मुलगा सुरतेला आहे. भावकी म्हणाली, एवढी वर्षं पत्ता नाही, आता दर्भाचा पुतळा करून जाळून टाकू. ती म्हणाली, मी जिवंत असेपर्यंत नाही. लोकांना वाटलं, वेडी आई आशेवर आहे. तिला आशाबिशा काही नव्हती. तिला तिचा मुलगा हवा होता, गवताचा नको होता.

ती गेल्यावर आई उठून आत गेली. मी स्कूटर काढली आणि राजोडीला गेले. बाबा पाण्यात असायचे तेव्हा काठावर त्यांची दोरी धरणारे एक कोळी काका तिथे राहायचे. ते जाळं विणत बसले होते. माझा हात बघून त्यांनी सुई खाली ठेवली. मी आडवळण न घेता विचारलं, तो मुलगा खदानीत होता का?

"दोरीला तीन हिसके आले व्हते," ते म्हणाले. "तीन म्हंजे सापरला. मंग वर येऊन बोलला, कोन नाय. मी गप ऱ्हायलो. तुज्या बापाला मी कंदी उलटा नाय इचारला."

"पण काका, बुडालेलं माणूस दोन-तीन दिवसांत आपोआप वर येतं ना? हा का नाही आला?"

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. त्यांनी सुई उचलली आणि पुन्हा विणायला लागले. दोन ओळी विणल्या, चुकल्या म्हणून उसवल्या.

मी पोलिसांत अर्ज दिला. कोणाचं ऐकलं नाही, कोणाला बोलू दिलं नाही. आईने एकदाच सांगून पाहिलं, "ह्यांनी झाकलं ते तू उघडू नको." मी म्हटलं, "आई, उद्या त्याच्यावर बिल्डिंगचं पार्किंग होईल. मग कोण काढणार?" बाबांच्या हाताखाली शिकलेले एक पाणबुडे त्यांच्या तेराव्याला आले होते, आता ते मुंबईच्या गोदीत काम करत होते. मी त्यांना फोन केला. ते लगेच हो म्हणाले.

खदानीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तरी पाणी काळंच दिसत होतं. एका बाजूने मातीचा उतार पाण्यात घुसलेला, डंपर थांबवलेले. कोणी हात लावत नव्हतं, वारा नव्हता, तरी मधूनच उतारावरून एखादा दगड सुटायचा आणि डुबुक करून आत जायचा. पाण्यावर पाखरू नव्हतं. आम्ही मोजकी माणसं होतो, तरी सगळे कुजबुजून बोलत होते. का, ते कोणालाच सांगता आलं नसतं. एक हवालदार पंचनाम्याचे कागद घेऊन सावलीत बसले होते. म्हातारी काठावर मांडी घालून बसली होती, पाण्याकडे न बघता.

पाणबुड्यांनी माझ्याकडे घड्याळ मागितलं. "साहेबांचं आहे, ते हातात असू दे." मी काढून दिलं. त्यांनी कडी फिरवली आणि ते खाली गेले. राजोडीच्या काकांनी दोरी धरली.

बुडबुडे आले, मग लांब गेले, मग थांबल्यासारखे झाले. त्या वेळी मला खरंच असं वाटलं की खाली बाबा आहेत. नवा माणूस त्यांना भेटलाय आणि दोघं काहीतरी बोलतायत. मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. पण वाटलं. काकांच्या हातात दोरी हलली. एक, दोन, तीन. काकांनी म्हातारीकडे पाहिलं.

पाणबुडे वर आले. मुखवटा काढला तर चेहरा पांढराफटक. हवालदारांच्या आधी ते माझ्याजवळ आले आणि पाठ त्यांच्याकडे करून हळू बोलले.

"ताई, तो आहे. हाडं आणि पँट. पण बांधलेला आहे."

"बांधलेला म्हणजे?"

"खाली खडी फोडायचं जुनं मशीन बुडालंय. त्याच्या लोखंडाला बांधलाय, नायलॉनच्या दोरीने. कमरेला आणि छातीला. वर येऊ नये म्हणून बांधतात तसा." ते थांबले. "गाठ साहेबांची आहे. मलाही त्यांनीच शिकवली."

माझ्या बाबांनी! मेलेल्या मुलाला पाण्याखाली धरून, लोखंडाला टेकवून, एकेक वेढा देत, घड्याळात वेळ बघत. आणि मग घरी येऊन मला फोन केला असेल, जेवलीस का म्हणून.

"मी खालीच दोरी कापून टाकतो," ते म्हणाले. "कोणाला कळायचं नाही. नाहीतर ते काय लिहितील ठाऊक आहे ना? माणूस बांधून बुडवला, असं लिहितील. साहेबांचं नाव मातीत जाईल."

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला. ती कधी उठून आली ते कोणालाच कळलं नव्हतं.

"कापू नको," ती म्हणाली. मग हवालदारांकडे वळली, खणखणीत आवाजात. "सायेब, लिवा. पोऱ्याला बांदायला मीच लावला. हिचा बापूस नाय नाय बोलत व्हता. बोलला, असा पाप मी करनार नाय. मी त्याचं पाय धरलं. पोऱ्या वर आला असता तं माजा म्हातारा दुसऱ्या दिवशी आत गेला असता. एक गेलता, दुसरा वाचवला. लिवा माजा नाव."

हवालदारांनी लिहायला पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. पाणबुडे मुखवटा चढवायला लागले. म्हातारीने पुढे होऊन त्यांचा ओला हात धरला, आणि तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

"गाठ हलक्या हातानं सोर रे बाबा," ती म्हणाली. "किती वर्सां बांदून हाय. आंग आंबला असल त्याचा."