उशिरा उमटणारे शब्द

माझी आत्या सव्वीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती. वकील कितीही भरभर बोलला तरी तिची बोटं मागे पडत नसत, आणि टाइप करताना ती कळांकडे कधीच बघत नसे. निवृत्तीनंतर तिने वेगळंच काम धरलं. कॉलेजातल्या एका मुलीला पंधराव्या वर्षी तापानंतर ऐकू येईनासं झालं होतं. प्राध्यापक बोलतात ते आत्या वर्गाच्या कडेला बसून लॅपटॉपवर टाइप करते, आणि ते पहिल्या बाकावर मुलीसमोर ठेवलेल्या छोट्या पडद्यावर उमटतं. वाचून मुलगी स्वतःच्या आवाजात उत्तर देते. हुकूम फार सोडते, म्हणून आत्या तिला बाईसाहेब म्हणते.

लॅपटॉप बरा चालला होता. मीच नसती उठाठेव केली. रविवारी आत्याकडे जेवायला गेले, तर दोन वर्षांत एकही अपडेट नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, मला राहवेना. आत्याला न विचारता मी सगळी अपडेट चढवली, जोडलेली उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरसुद्धा झाडून नवे टाकले.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. शब्द सात-आठ सेकंद उशिरा उमटत होते. सगळा वर्ग हसून गप्प झाला की मग बाईसाहेब एकट्याच हसायच्या. "तुमचे शब्द आज शिळे येतायत," असं त्यांनी आत्याला सुनावलं होतं. गुरुवारी मुलीची तोंडी परीक्षा होती. प्रत्येक प्रश्नानंतर ती आठ सेकंद गप्प राहिली, तर परीक्षक तिला काही येत नाही असंच धरून चालणार होते.

संध्याकाळी आत्याकडे जाऊन मी आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद केले, डिस्क तपासली, टाइप करून पाहिलं. शब्द धावत होते. मंगळवारी दुपारी पुन्हा फोन. त्या संध्याकाळी मी अँटिव्हायरस बदलला. घरी सगळं झकास, बुधवारी वर्गात पुन्हा तेच रडगाणं. संध्याकाळी पुन्हा लॅपटॉप उघडून बसले, तेव्हा माझं डोकं फिरलं. वर्गात तूच काहीतरी भलतं दाबत असशील, असं मी तिला बोलून गेले. माझा अर्धा प्यालेला चहाचा कप उचलून ती आत घेऊन गेली.

गुरुवारी रजा टाकून मी तिच्यासोबत कॉलेजला गेले. परीक्षा अकराला होती, आम्ही दहालाच पोचलो. आत्याने कपाटातून तो छोटा पडदा काढून लॅपटॉपला जोडला. पडदा कॉलेजातच राहायचा. मी तो कधी बघितलाच नव्हता. तीन संध्याकाळ मी अर्धंच यंत्र दुरुस्त करत बसले होते.

तेवढ्यात बाईसाहेब आल्या. पडद्यावर शब्द पुन्हा रेंगाळताना बघून त्यांनी वैतागून वायर उपटली, तर लॅपटॉपवर शब्द सुसाट. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, हिला तुझ्या शेजारी बसून लॅपटॉपवरच वाचू दे. आत्याने ते टाइप करून दाखवलं.

"यांच्या शेजारी बसले की परीक्षक यांनाच प्रश्न विचारतात," बाईसाहेब मला म्हणाल्या. "परीक्षा माझी आहे."

"ऐकलंत ना, इंजिनिअरबाई?" आत्या म्हणाली. "आता एकच गोष्ट बदला. एकच."

मी पडद्याचा ड्रायव्हर काढून जुना बसवला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. गोल चक्र फिरायला लागलं. 'अपडेट चालू आहे, बंद करू नका.' साडेदहाला आकडा तीस टक्क्यांवर जाऊन बसला तो हलेचना. मी त्या यंत्राला नाही नाही ते बोलले, तेव्हा आत्याने मला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः हाताची घडी घालून त्याच्यासमोर बसली. कोर्टात निकालाची वाट बघताना अशीच बसत असणार.

अकराला पाच कमी असताना लॅपटॉप सुरू झाला. आत्याने वायर जोडली आणि टाइप केलं: 'भाचीला तो चहा पूर्ण पिऊ द्यायला हवा होता.' पूर्णविराम पडायच्या आत बाईसाहेब हसल्या.

परीक्षक आले आणि दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसून राहिले. आतून परीक्षकांचा प्रश्न ऐकू यायचा, त्यासोबत कळांची टकटक, आणि मग शांतता. ती सुरू झाली की मी सेकंद मोजायचे. एकदाही तीनपर्यंत पोचले नाही.