नळीवरची बर्फाची टोपी

ओइवा सार्नियोला माणसांची शिसारी होती आणि ती लपवावी असं त्याला कधी वाटलं नाही. होल्लोला गावाच्या वाळूच्या टेकडीवर ज्यांची घरं आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांची अब्रू त्याने कधी ना कधी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून, त्यांचीच कॉफी पीत काढलेली आहे. त्याचा धंदाच तसा होता. या टेकडीच्या पोटातून रेडॉन नावाचा वायू वर येतो आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण वर्षानुवर्षं छातीत गेला की कॅन्सर होऊन उगवतो. ओइवा फरशीखाली नळी घालायचा, ती माळ्यावरून छपराबाहेर काढायचा आणि माळ्यावर तिला पंखा जोडायचा. पंख्याने रात्रंदिवस जमिनीखालची हवा ओढून बाहेर फेकायची, एवढंच. घरमालकाला काडीचं काम नाही, फक्त पंखा चालू ठेवायचा. तेवढंही माणसांना जमू नये, याची त्याला चीड होती.

त्यात माणसं वरून लख्ख आणि खालून घाण. दिवाणखान्यात पांढरे गालिचे, मेणबत्त्या, आणि फरशीखालच्या पोकळीत उतरावं तर मेलेले उंदीर, थंडी अडवायला भरलेला आणि भिजून कुजलेला भुसा आणि कुणीतरी ढकलून दिलेले जुने बूट. ओइवा कोपरांवर सरपटत आत जायचा आणि बाहेर येऊन अंगणात थुंकायचा. थुंकताना मालकाकडे बघायचा.

म्हातारा आर्मास केट्टुला हे त्याचं आवडतं गिऱ्हाईक, म्हणजे सांगायला आवडतं. थंडीत गाडीचं इंजिन गरम राहावं म्हणून आर्मासने पंख्याचा प्लग काढून तिथे गाडीची वायर लावली होती.

"गाडीला सर्दी होते का रे, आर्मास?" ओइवाने विचारलं.

"उणे पंचवीसमध्ये सुरूच होत नाही ती."

"आणि तू? तू कितीमध्ये बंद पडशील, ते विचारलंस का डॉक्टरला?"

"रात्रीपुरतीच लावतो रे."

"रात्रीच झोपतोस ना घरात? का गाडीत झोपतोस? गाडीतच झोप, हवा बरी असेल तिथली."

आर्मासची बायको शेजारी केक कापत उभी होती. तिने सुरी खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. आर्मासने त्यानंतर ओइवाला कधी बोलावलं नाही.

पण ओइवाला खरी किळस यायची ती उन्हाळी सणाच्या मंडळींची. जूनच्या शेवटी तो सण आला की सगळं गाव तळ्याकाठच्या आपापल्या लाकडी घरांत पळतं. निघताना घरातलं एकूण एक बटण बंद करून जायचं, ही आजा-पणजापासूनची शिस्त. त्या शिस्तीत पंख्याचाही गळा दाबला जातो. परत आल्यावर फ्रिज आठवतो, पंखा आठवत नाही. बंद पंख्यात ओल धरते, बेअरिंग गंजतं, आणि थंडीत खिडक्या घट्ट लावून माणसं तो वायू हुंगत बसतात. "गाढवंसुद्धा घाण वास आला की तोंड फिरवतात," ओइवा म्हणायचा. कुणी म्हणालं की याला वासच नसतो, तर म्हणायचा, "म्हणून तर अक्कल दिलीय. तीही बंद करून जाता काय जूनमध्ये?"

बायको तेर्त्तु होती तोवर फोन ती घ्यायची. "येतील हो, काही बोलणार नाहीत," असं सांगून ती लोकांना धीर द्यायची आणि मग ओइवाला दम द्यायची. ती गेल्यावर फोन कमी झाले. लोकांना आता पंख्यांची काळजीच उरली नाही, असा अर्थ ओइवाने काढला.

शनिवारी मात्र तो मुलीकडे, पिरिताकडे, साउनाला, म्हणजे घरातल्या वाफेच्या खोलीत शेकायला जायचा. पिरिता दवाखान्यात नर्स होती आणि टेकडीच्या माथ्यावर आपल्या मुलीसोबत राहायची. नात हिल्ला तळघरातल्या खोलीत झोपायची. खोली तिने हट्टाने मागून घेतली होती. म्हणून तर ओइवाने या घरचा पंखा जीव ओतून बसवला होता, आवाज न करणारा. साउनातून लालबुंद होऊन बाहेर आला की टेबलाशी बसून तो आर्मासची नाहीतर दुसऱ्या कुणाची गोष्ट रंगवून सांगायचा आणि शेवटी बोट वर करायचा.

"ऐक. काही ऐकू येतंय?"

"नाही," पिरिता म्हणायची.

"याला म्हणतात काम."

पिरिता सॉसेज उलटायला उठायची.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पहिला बर्फ पडला. शनिवारी ओइवा टेकडी चढताना सवयीने छपरं बघत होता. ज्या घरचा पंखा चालतो, त्याच्या नळीच्या तोंडावर बर्फ टिकत नाही, कारण जमिनीखालची हवा उबदार असते. आर्मासची नळीदेखील काळीभोर, उघडी होती. नाव ठेवायला जागा नाही, हे ओइवाला आवडलं नाही. पिरिताचं छप्पर तो कधी तपासत नसे, काम आपल्याच हातचं होतं; आज सहज वळला आणि बघतच राहिला. तिच्या नळीवर छान गोल, पांढरी टोपी बसली होती.

घरात न जाता त्याने गाडीतून शिडी काढली. माळ्यावर जाऊन पंखा सोडवला. पात्यांमध्ये गांधीलमाशांचं पोळं होतं, रिकामं, राखाडी, कागदासारखं. फिरत्या पात्यांत गांधीलमाशी घर करत नाही, म्हणजे उन्हाळाभर पंखा बंदच होता. त्याने पातं ढकलून पाहिलं. हललं नाही. बेअरिंग गंजून दगड झालं होतं, आणि एवढा गंज एका उन्हाळ्यात चढत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तळघरातली खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली.

तो खाली आला आणि पोळ्यासकट पंखा जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"कधीपासून?"

पिरिताने हात पुसले. "गेल्या वर्षीच्या सणापासून. जाताना बंद केला, सगळे करतात तसा. आल्यावर लावला तर लागेना."

"दीड वर्ष होत आलं. आणि ती खाली झोपते."

"मी तिला वर झोप म्हणत होते. ऐकते का ती? खिडकी उघडी ठेवायचे."

"नर्स आहेस तू, पिरिता. अक्कल..."

"बोल ना. थांबलास कशाला? रोज ठरवायचे, आज सांगते बाबाला. मग शनिवारी तू यायचास, आर्मासची गोष्ट सांगायचास. त्याच्या बायकोची नक्कल करायचास. मला वाटायचं, पुढच्या शनिवारी हा दुसऱ्या कुणाच्या टेबलाशी बसून माझी नक्कल करेल. आणि दुसऱ्याला बोलावलं असतं तर गावभर झालं असतं, की ओइवाच्या मुलीनेच पंखा बंद ठेवला. तू मेला असतास लाजेने."

"मला फोन करायचा होतास."

"तुला फोन करायला आई लागते, बाबा."

ओइवाने कॉफी उचलली आणि तशीच खाली ठेवली. इतकी वर्षं लोकांचे कुजके भुसे उपसले, मेलेले उंदीर शेपटीला धरून बाहेर फेकले, पण अशी किळस त्याला कधी आली नव्हती. ती आपल्याच तोंडाची होती आणि कुठे थुंकून टाकावी ते कळत नव्हतं.

तो तळघरात गेला. हिल्ला पलंगावर चित्र काढत होती. त्याने गादी खांद्यावर घेतली, मग पलंग खोलला आणि एकेक फळी वर नेली. मग गाडीत पडलेला एक पंखा आणून त्याने माळ्यावर बसवला. तो जुन्या बनावटीचा होता, घुर्र घुर्र करायचा. एरवी असला पंखा त्याने कुणाच्या घरी पाहिला असता, तर बसवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

नव्या जागी लावलेल्या पलंगावर हिल्ला पाय हलवत बसली होती. ओइवा तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ऐक. काही ऐकू येतंय?"

"हो. घुर्र."

"हा आवाज कधी थांबला तर लगेच मला फोन करायचा. रात्र असू दे, काही असू दे. कुणीही बंद केलेला असू दे. मी कुणाला काही बोलणार नाही."

हिल्लाने आधी दारात उभ्या असलेल्या आईच्या तोंडाकडे पाहिलं, हा खरं बोलतोय का ते विचारायला.