इंग्रजीतली कबुली

नव्वदच्या दशकात आम्ही बंगळूरला यशवंतपुरात राहायचो. धान्याची गोदामं जवळ, त्यामुळे उंदरांचा सुळसुळाट. त्यांच्या मागे धावता धावता आमची कुत्री आजारी पडली. डोळे पिवळेजर्द. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "लेप्टो आहे. उंदरांच्या लघवीतून येतो, आणि आता हिच्या लघवीतून तुम्हालाही होऊ शकतो. अंगणात ब्लीचिंग पावडर टाका, अनवाणी फिरू नका."

घरी आल्याआल्या मी दोन्ही मुलांना दम भरला, "अंगणात पाऊल टाकलंत तर याद राखा!" त्यांची ये-जा मागच्या दाराने सुरू झाली. औषधांनी कुत्री सावरू लागली. ब्लीचिंग पावडर मात्र आज आणू, उद्या आणू करत राहूनच गेली.

आणि त्याच अंगणात आमची कामवाली रोज सकाळी अनवाणी उभी राहायची. पाणी मारून खराट्याने फरशी धुवायची आणि त्या ओलीवरच वाकून रांगोळी घालायची. तिच्या टाचांना या मोठाल्या भेगा होत्या. चहा पीत मी खिडकीतून पाहायचे. सांगितलं तर ही काम सोडून जाईल, एवढंच माझं कारण. माझं कानडी मोडकं होतं, पण मुलांना सांगितलं तेवढं तिलाही सांगण्यापुरतं नक्कीच येत होतं.

दोनेक आठवड्यांनी ती यायची थांबली. चौकशी करत दवाखान्यात गेले, तर तिचे डोळेही तसेच पिवळे. तिथले डॉक्टर म्हणाले, साधी कावीळ दिसतेय. मी त्यांना सगळं सांगितलं. कुत्रीचा आजार, अंगण, तिचे अनवाणी पाय. सांगितलं ते इंग्रजीत, खाटेवरच्या तिला कळू नये म्हणून. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेच दुसरी इंजेक्शनं सुरू केली.

ती वाचली. महिन्याभराने कामावर आली ती मोगऱ्याचा गजरा घेऊनच.

"अम्मा, तुम्ही डॉक्टरांशी इंग्रजीत बोललात म्हणून मी जगले," ती म्हणाली. गल्लीतही सगळ्यांना ती हेच सांगत होती.

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने मला पाठ वळवायला सांगितली, स्वतःच्या हातांनी गजरा माझ्या केसांत माळला, आणि मी तो माळून घेतला.